कवळी कोण घासणार?

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. उमरग्यात आमच्या यजमानांचं कवळ्यांचं दुकान होतं. कवळी बनवायचं काम त्यांचं, दुरुस्तीला आलेली धुवायचं माझं. लोकांच्या तोंडातली घाण रोज हातावर घेतली की किस्से आपोआप जमतात. राग त्याहून जास्त जमतो.

*

नळदुर्गचे एक वकीलसाहेब कवळी राखेनं घासायचे, त्यात विटेचा चुरा मिसळून. "भांडी न्हाईत का चमकत?" असं वर मलाच विचारलं. कवळीच्या रबरी हिरड्यांवर चरे पडले, चऱ्यांत पानाचा चोथा बसला आणि वास येतो म्हणून बोल मात्र आम्हाला!

मी म्हटलं, "साहेब, भांडं कधी घासलंय का तुमी?"

तेव्हापासून ते फक्त यजमानांशी बोलायचे.

*

बेंबळीचे मास्तर जास्त शिकलेले. त्यांनी कवळी चहाच्या पातेल्यात खळखळा उकळली. "दवाखान्यात सुया उकळतात की. जंतू मरतात." जंतू मेले असतील, पण कवळीही वाकडी झाली. त्या दिवशी मास्तरांनी पोरांकडून नुसते पाढे म्हणून घेतले, स्वतः तोंड उघडलं नाही.

*

मी घसा फोडून एकच सांगायची. मऊ ब्रश, साबण आणि गार पाणी. अधूनमधून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. झोपताना काढून वाटीत पाण्यात ठेवा. यात अवघड काय आहे?

*

गंगव्वाचं आठवलं की अजून डोकं फिरतं. कापडवाल्या मल्लप्पाशेटची ही बायको. कवळी काढली तर हिरड्या लालभडक, जागोजागी सोललेल्या. आठ दिवस बाई नुसत्या ताकावर होती.

"कवळी कधी काढतच न्हाय का तुमी?" मी विचारलं.

तिनं सोबत आलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. उत्तर त्यांनीच दिलं. "म्याच काढू देत न्हाय. तिचं बोळकं बघवत न्हाय मला. अन् धुवायला काढली तर सुना बघतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेटजींच्या तोंडातही आमचीच कवळी होती, पांढरी स्वच्छ.

"अन् तुमची कोण धुतं?"

"हीच की. रोज सकाळी."

गंगव्वानं पुढ्यातली आपली कवळी उचलली, नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घासा."

मी ब्रश पुढं केला.

मल्लप्पाशेट बराच वेळ तिच्या बोळक्या तोंडाकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, साबण कुठाय?"