रेषेवरच्या बाई

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई वर्षातला एक आठवडा महिलांच्या एका छोट्या टेनिस स्पर्धेत रेषापंच असतात. रेषापंचाने चेंडूमागे नजर फिरवायची नसते, आपल्या रेषेवर डोळे ठेवायचे. त्यामुळे बावीस वर्षांत बाईंनी एकही सामना धड पाहिलेला नाही. दुपारच्या उन्हात ती पांढरी रेषा हलकेच तरंगू लागते, आवाज दूर जातात आणि चेंडू कुठूनसा येऊन टेकतो.

यंदा अंतिम सामन्याला उभं राहायचं, असं त्यांच्या मनात फार होतं. उपांत्य सामना विनाचूक पार पडला की यादीत नाव नक्की होतं.

त्या सामन्याच्या शेवटच्या गुणाला एका मुलीने चेंडू उंच उडवला आणि बाईंची नजर नकळत वर गेली. चेंडू आकाशात क्षणभर थांबल्यासारखा वाटला. तो खाली कुठे टेकला, ते त्यांना दिसलंच नाही. ‘आत’ अशी खूण करून वेळ मारून नेता आली असती. बाईंनी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरले, म्हणजे मला दिसलं नाही. उंच खुर्चीवरच्या पंचांनाही खात्री नव्हती. गुण पुन्हा खेळवावा लागला.

“मावशी, डुलकी लागली होती का?” शेजारच्या रेषेवरच्या मुलीने नंतर विचारलं.

“नाही गं, चेंडू बघत होते.”

“बावीस वर्षांनी बरा आठवला!”

संध्याकाळच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या प्रेक्षकांत बसल्या आणि अर्धा सेट संपेपर्यंत रेषेकडेच बघत राहिल्या.