घाडीकाका आधी वर बघत

ओमानमधल्या समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवी नाटकातले अवकाशयान एका शुक्रवारी माबेल्याच्या भाड्याच्या हॉलमधून उड्डाण करणार होते. एक उपग्रह अवकाशात सोडायचा, दुसरा बिघडलेला पकडून घरी आणायचा. लेखक, दिग्दर्शक, मोहीमप्रमुख : अस्मादिक. बिघडलेला उपग्रह : माझी नऊ वर्षांची रेवा, अंगभर चंदेरी कागद.

यानाचा लोखंडी हात बनवला होता घाडीकाकांनी. मूळचे देवगडचे, सोहारच्या कारखान्यात रिगर. म्हणजे क्रेन जे उचलणार, ते हुकाला बांधून देणारा माणूस. काकांची एक खोड होती. कुठल्याही खोलीत शिरले की माणसांआधी छताकडे बघत. सीबला आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बायकोनं मांडलेलं ताट त्यांनी मुकाट्यानं हातभर बाजूला सरकवलं. वर पंखा होता.

"काका, दहा वर्षं फिरतोय तो," मी हसलो.

"म्हणानच तर," ते म्हणाले आणि सोलकढी प्यायले.

त्यांचं पालुपद ठरलेलं. "वर गेलला खाली कसा येतला, ता आधी बघ." मी त्याची नक्कल करून मंडळात भरपूर हशा वसूल केला होता.

लोखंडी हात शुक्रवारीच येणार होता. तोवर तीन तालमी आम्ही काकांशिवाय उरकल्या. छतात एक जुना हूक होता. त्यातून तार घेऊन रेवाला पट्ट्यानं वर ओढलं. पोरगी काय सुंदर तरंगली!

शुक्रवारी काका आले. वर बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"ह्यो हूक कसलो?"

"झुंबराचा असेल. तीनदा टांगलंय रेवाला, काही होत नाही."

"चेडवाक टांगलंस?" इतकंच म्हणाले. मग महाप्रसादाच्या तांदळाच्या वीस-वीस किलोंच्या दोन गोणी आणल्या नि तारेला बांधू लागले.

"काका, रेवा चोवीस किलोची आहे हो!"

"तांदूळ हातपाय हलयत नाय."

त्यांनी रंगमंचावर खडूनं मोठं वर्तुळ काढलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. गोणी वर गेल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. बाहेर पार्किंगमध्ये प्रेक्षकांच्या गाड्या लागत होत्या.

"यल्ला काका, खलास! उतरवा आता, पोरीला बांधायचंय."

काकांनी नुसता हात वर केला. "हूक बोलता हा. तुका आयकाक येना?"

मला एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. वरून चिमूटभर चुना गळला. एसीच्या वाऱ्यानं तो वर्तुळाबाहेर माझ्या बाहीवर आला, मी झटकला. मग बारीकसं 'टक्'.

गोणी फुटल्या. रंगमंचाची फळी मधोमध मोडली. तांदूळ पहिल्या रांगेपर्यंत घरंगळत गेले.

नाटक झालं, पुठ्ठ्याच्या उपग्रहावर. पुढच्या वर्षी काका कायमचे देवगडला गेले. त्यांची नक्कल मी आता करत नाही. ताट मात्र सरकवून घेतो.

पण त्या शुक्रवारी, गोणी पडल्या त्या क्षणी, काका अजून वरच बघत होते. चंदेरी कागदातली रेवा माझं बोट धरून वर्तुळाबाहेर उभी होती, आणि तिनं साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं :

"बाबा, तो राइस म्हणजे... मी होती ना?"