वाकताना बघितलं, उठताना न्हाई

जळकोटच्या आजूबाजूला कुणालाबी इचारा, ज्वारीच्या कडब्याची गंजी रचावी तर कुणी? वैजनाथानं. पेंढीला पेंढी अशी बसवायचा की पावसाळाभर झोडपून काढलं तरी आतला कडबा कोरडा ठक्क. लोक बलवायला यायचे, दुसऱ्या गावचेबी. गंजीच्या टोकावर उभा राहून खालच्याला शिव्या घालायचा, "आरं फेक की जोर लावून! रात्री बायकूनं जेवायला घातलं न्हाई व्हय?" अन् खालचे हसत हसत पेंढ्या फेकायचे. सिंधु भाकरी घेऊन आली की वरूनच वरडायचा, "आलं बगा सरकार! आता सगळ्यांनी गप बसा." सिंधु म्हंजे तेची बायको, तेच्या एकुलत्या लेकीची आई. ती लाजायची, पर गालात हसायची.

असा माणूस. अन् तेलाच कडब्यानं खाल्लं.

उन्हाळ्याचे दिवस होते. ट्रॉलीवर कडबा रचून झाला होता, नुसता दोर आवळायचा राहिला होता. आवळता आवळता दोर तुटला. वैजनाथ वरून पाठीवर आला अन् खाली दगडाचा बांध. नांदेडला नेलं, पाठ उघडली, मणक्यात सळया अन् स्क्रू टाकले. जीव वाचला. पर कमरेखालचे पाय जसे दुसऱ्याचेच. काठी धरून, भिंत धरून चुलीपासून दारापस्तोर यायचा, तेवढंच. लघवीची नळी कायमची, पिशवी कमरेला बांधलेली. घटकाभर बसला की पाठीत आग पडायची अन् घामानं बंडी भिजायची.

पर तोंडावर काय दिसंल? काईच न्हाई. तोंड तर तसंच, हसरं. मिशीला पीळ.

हीच तर गोची झाली. भावकीतला भुजंग हाटेलात बसून म्हणायचा, "वैजनाथाला काय धाड भरली? सोन्यासारखा दिसायलाय की. निराधार योजनेच्या सरकारी पगारासाठी सोंग घेतलंय." हे सिंधुच्या कानावर आलं. त्या दिशी तिनं धुण्याचं बडवणं आसं आपटलं की फुटलं.

पगार तिला पायजेच होता, खोटं कामून बोलावं? पर पगारापेक्षाबी तिला सरकारचा शिक्का पायजे होता, की ह्यो माणूस खरंच मोडलाय, सोंग करीत न्हाई. तिचं म्हणणं एवढंच.

मग सेतू केंद्रावर जाऊन अपंगाच्या सर्टिफिकेटाचा अर्ज भरला. आंगठे दिले, फोटो काढले, एक्सरे जोडले. कधी साइट बंद, कधी आधारावरचं नाव जुळंना. लई हेलपाटे झाले तवा कुठं मोबाइलवर तारीख आली, जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणीला या.

देगलूरहून सिंधुचा भाऊ शिवमूर्ती आला जीप घेऊन. वैजनाथाला मागं आडवं घातलं. रस्त्यातल्या दर खड्ड्याला सिंधु भावाला शिव्या घालायची अन् वैजनाथ म्हणायचा, "तेला कामून बोलतीस? रस्ता का तेच्या बापाचा हाय?"

तिथं गेले तर अपंगाची तपासणी वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद. आता बोला! पाय नसलेल्याला वर बोलवायचं अन् लिफ्ट बंद ठिवायची, हे कुठल्या शाण्याच्या डोक्यातून निघालं आसंल? शिवमूर्तीनं दाजीला पाठकुळी घेतलं. वैजनाथ तेच्या कानात म्हणला, "शिवा, लग्नात तुझ्या बहिणीला उचललं तवा माझी कंबर गेली न्हाई, आता तुझी जाईल बग." शिवमूर्ती हसला अन् हसता हसता तेला रडूच आलं.

रांगेत दुपार झाली. नंबर आला. डॉक्टर पोरसवदा होता, बोलायला गोड. पाय वर करा म्हणला, ढोपरावर हातोडी मारली, सुई टोचून "कळतंय का?" म्हणला. वैजनाथ खरं तेच सांगायचा. इथं कळतंय, इथं न्हाई. मग डॉक्टरनं तेला कुशीवर वळवून पाठीवरच्या शिवणीवरून हात फिरवला, सावकाश. "लई दुखतंय का, काका?"

वैजनाथाचे डोळे भरून आले.

आता त्यांच्या घरची रीत सांगावी लागंल, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. तेच्या आज्यापासून चालत आलेलं, की वैदू असू दे, हाड बसवणारा असू दे, न्हाईतर सुईवाला डॉक्टर, ज्यानं अंगाला हात लावला तेच्या पायाला हात लावल्याबिगर उठायचं न्हाई. न्हाईतर औषधाचा गुण येत न्हाई. लहानपणापासून हाडात मुरलेलं. तिथं वय बगायचं नसतं, जात बगायची नसती.

तपासणी झाली. शिवमूर्ती काठी आणायला वळला, सिंधु कागद गोळा करीत होती. तेवढ्यात वैजनाथानं टेबलाची कड धरली अन् खाली वाकला. डॉक्टरच्या बुटाला बोटं लावली.

"आरे काका, काका, नको!" डॉक्टर मागं सरकला. मग बाजूला लिहिणारा होता तेला म्हणला, "वाकतात की चांगले. पुढं वाकता येतं, लिही."

तेनं लिहिलं. पुढचा नंबर पुकारला.

अन् इकडं वैजनाथ वाकला तो वाकलाच. वर येईना. नुसतं "सिंधे, सिंधे" करायलाय. एका बाजूनं शिवमूर्ती, एका बाजूनं सिंधु, दोघांनी काखेत हात घालून सोडवला तेला, चिखलातून खुंटा उपटावा तसा. पिशवीची नळी निसटली, फरशी ओली झाली. शिपाई बोंबलला, "बाहेर घ्या, बाहेर घ्या!" डॉक्टर तवर दुसऱ्याच्या एक्सरेत.

वाकताना सगळ्यांनी बघितलं. उठताना कुणीच बघितलं न्हाई.

महिन्यानं अपंगाचं कार्ड आलं. अडतीस टक्के. पगाराला चाळीस लागतात.

सिंधु तहसीलला गेली. कारकून म्हणला, "बसत न्हाई, बाई. दोन टक्के कमी पडायलेत."

"साहेब, दोन टक्के म्हंजे अंगातलं काय हो? कान, का करंगळी? सांगा, घरी जाऊन कापून आणते."

"माझ्यावर कामून चिडायलात? मी का डॉक्टर हाय?"

घरी येऊन तिनं नवऱ्यावर राग काढला. "कुणी सांगितलं होतं पाया पडायला? तेरवीला बलवलं होतं का पूजेला? तुमच्या ह्या रीतीनं घर बुडालं!"

वैजनाथ म्हणला, "आगं, तेनं पाठीवर हात फिरवला माझ्या. नांदेडहून आल्यापसून तुझ्याबिगर कुणी फिरवला होता का?"

सिंधु चुलीम्होरं जाऊन बसली.

फेरतपासणीचा अर्ज केला. तारीख येईना. इचारायला गेलं की "साइटवर बगा" म्हणायचे. साइटवर बगावं तर "प्रलंबित". पडून पडून वैजनाथाच्या माकडहाडाला जखम झाली, आत हात जाईल एवढी. सिंधु रोज धुवायची, कापूस भरायची, तो उशी दातात धरायचा. मग लघवीतून ताप चढला. उदगीरला नेलं, लातूरला न्या म्हणले. लातूरच्या वाटंवरच जीपमधी गेला. सोंग करणारा माणूस सोंग करता करताच मेला, आता तरी भुजंगाचं समाधान झालं आसंल.

दिवसकार्य झालं. कुणीतरी सांगितलं, घरचा कर्ता माणूस मेला तर सरकार एकदा मदत देतं, अर्ज करा. सिंधु म्हणली, मला नको त्यांचं काई. शिवमूर्तीनं समजावलं, "आक्का, लेकीच्या शिक्षणाला होईल. हक्काचं सोडू नको." अर्ज दिला, तलाठी घरी चौकशी करून गेला, मग बलावणं आलं तवा गेली बिचारी. तेच तहसील, तोच कारकून.

"मयत काय काम करायचे?"

"पडून होते. मणका मोडला होता."

"म्हंजे कमावते नव्हते?"

"कसं कमावतील? उठून उभं राहता येत नव्हतं."

"मग बसत न्हाई, बाई. कर्ता कमावता असावा लागतो. तलाठ्याच्या चौकशीतबी तसंच आलंय, अंथरुणाला खिळून होते म्हणून."

सिंधुला आदी कळलंच न्हाई. मग कळलं, अन् तिचा आवाज सगळ्या कचेरीत घुमला.

"जिता होता तवा धडधाकट! मेला तवा पांगळा! आरं, तुमच्या बापाचं राज हाय का रं? एका खिडकीत उभा राहतो म्हणता, दुसऱ्या खिडकीत पडलेला म्हणता! तो माणूस होता का गंजीफ्याचं पान, पायजे तसं पालथं घालायला?"

"हळू बोला, मावशी. साहेब आत बसलेत."

"साहेबालाच ऐकवायलेय! अन् आता जे बोललाव ते लिहून द्या. सही-शिक्क्यासकट. त्याबिगर मी इथून हलत न्हाई."

ती खाली बसली, दारातच. लोकांना तिच्या अंगावरून जाता येईना. शेवटी कटकट टळावी म्हणून कारकुनानं लिहून दिलं, की मयत इसम मणक्याच्या दुखापतीमुळं कामधंदा करण्यास पूर्णपणे असमर्थ होता, सबब अर्ज नामंजूर. शिक्का मारला, गोल.

शिवमूर्तीनं वाचून दाखवलं. "पूर्णपणे" म्हणलंय का, तिनं दोनदा इचारलं. मग म्हणली, "जीप काढ."

"घरी?"

"न्हाई. दवाखान्यात."

ह्या खेपेला वर चढायचं नव्हतं, अर्जाची खिडकी खालीच होती. तिनं कागद काचेखालून सरकवला. "बगा, सरकारच म्हणतंय, पूर्ण असमर्थ. आता तेचं चाळिसाच्या वरचं सर्टिफिकेट द्या."

तिथल्या माणसानं नाव टाकलं, कंप्युटरमधी बगितलं. "फेरतपासणीला कुठंयत ते? आणलंय का त्यांना?"

"वारले."

"मेलेल्या माणसाला अपंगाचं सर्टिफिकेट देता येत न्हाई, मावशी."

"जित्याला दिलं होतं का?"

तेनं कागद परत सरकवला. सिंधुनं घेतला न्हाई, तशीच उभी राहिली. मागं लांब रांग होती, कुबड्या घेतलेली, खांद्यावर बसलेली, चाकाच्या खुर्चीतली. कुणीबी तिला बाजूला सरका म्हणलं न्हाई.