मेरीबाईंना भेटा

फिलोमिनाबाईच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की 'या, बसा' नंतर. आधी प्रश्न, "कोनाला भेटायचं?" पहिल्यांदा गेले तेव्हा मी गोंधळलेच. म्हटलं, "तुम्हालाच की! ब्लाउज शिवायचाय." "म्हनजे जाहिरात वाचून नाय आलात," असं म्हणून मग कुठे तिने टेप हातात घेतली.

त्याचं असं होतं. ती पापडी गावची. लग्नाचे गाऊन शिवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण माणिकपूरला आमच्या बिल्डिंगखाली गाळा घेतला, आणि इथे सगळे नवे फ्लॅटवाले, तिला ओळखतो कोण? मालकाने बजावलं होतं, नाताळपर्यंत धंदा दिसला नाही तर गाळा दुसऱ्याला. म्हणून तिने पेपरातून वाटायला कागद छापले आणि केबलवर पडद्याखालून सरकणारी पट्टी दिली. कागदावर 'रोझीबाईंना भेटा', पट्टीवर 'मेरीबाईंना भेटा'. मी कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःचं नाव सोडून ही काय सोंगं?"

"वहिनी, पैसे घेताना पेपरवाला नि केबलवाला दोघंबी गोड बोलले. आता खरा कोन, ते बाया येऊन सांगतील."

रोझीबाईला विचारत चार-पाच जणी आल्या. मेरीबाईला एकही नाही. झालं! केबलवाल्याला तिने भर रस्त्यात धरलं. "माझी पट्टी दाखवतोस, का खिशात ठेवतोस?" तो बिचारा म्हणाला, "उद्या अकराला बघा ना!"

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच माझ्या घरी येऊन बसली. चहाकडे बघितलंसुद्धा नाही. आणि आली की हो पट्टी! 'सर्व प्रकारचे शिवणकाम केले जाईल. मेरीबाईंना भेटा.'

तिचा चेहराच पडला. चोर सापडला नाही ना! "मग बाया का येत नाय?"

"सर्व प्रकारचे म्हणजे काय हो?" मी म्हटलं. "माझे तीन ब्लाउज शिंप्याने बिघडवलेत. ते कुठे न्यायचे, ते कुणी सांगत नाही."

तिने माझ्याकडेही संशयानेच बघितलं. हिला काय एवढी पडलीय? पण पट्टी बदलली. 'ब्लाउज बिघडला? टाकू नका. मेरीबाईंकडे घेऊन या.' आठवडाभरात पिशव्या घेऊन बाया मेरीबाईला शोधत आल्या. नाताळाआधी मालक आला, तर त्याला आत पाय ठेवायला जागा नाही. त्याच्या बायकोचाच ब्लाउज दुरुस्तीत पडला होता. गाळा तिच्याकडेच राहिला.

केबलवाल्याच्या मुलीला तिने फ्रॉक शिवून दिला. "मागितलीत ना माफी?" मी विचारलं.

"मागितली. पन फ्रॉक घेऊन तो सुस्तावला तर?" म्हणून रोज अकराला पट्टी बघायला माझ्याकडे हजर.

शेवटच्या आजारात तिला भेटायला पापडीला गेले. हात घट्ट धरून म्हणाली, "वहिनी, डागदर म्हनतो सुधारना आहे. त्याला असं बोलायला कोनी सांगितलं, इचारा जरा."

मी विचारलं नाही. दाराशी तिची लेक तोंड फिरवून उभी होती.