दातांचे नंबर

मी केलेल्या मूर्खपणाची मोजदाद आता नातवंडं करतात, मी करायचं केव्हाच सोडलं. पण पहिला मान द्यायचाच तर तो त्या एका पावसाळ्याला. त्या वर्षी मी दवाखाना नसताना पेशंटांचे नंबर लावले होते.

झालं असं, की बारावीनंतर माझ्या थोरलीला डेंटलला प्रवेश मिळाला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेज परगावी, वर्ग गणपतीनंतर सुरू होणार. आमचा धंदा फुलांचा. मळ्यातला झेंडू घेऊन मी सकाळी सकाळी पंचवटीत विकायला बसायचे. शहाणं माणूस पेढे वाटून गप्प बसतं. मी पेढ्यांबरोबर दातही वाटले. माझी लेक तुमचे दात फुकटात बघेल, असं ज्याला त्याला सांगत सुटले. समोरचे दोन दात पडल्यामुळे मंत्र म्हणताना शीळ वाजणारे एक गुरुजी माझ्याकडून हार न्यायचे, त्यांना पहिला नंबर दिला. रिक्षावाल्याच्या बायकोची दाढ दुसरी. त्या दिवसापासून रिक्षावाला माझ्या पाट्या स्वतः उतरवायला लागला आणि चहावाला माझ्या कपात आलं जास्त किसायला लागला. डॉक्टर व्हायला पाच वर्षं लागतात हे मी सांगायचे, नाही असं नाही. पण जरा हळू आवाजात.

कहर केला तो सासूबाईंच्या बाबतीत. त्यांची दाढ ठणकत होती. मी त्यांना म्हटलं, परक्याच्या हातात तोंड कशाला देता, आता घरचीच डॉक्टर होतेय. त्या बिचाऱ्या गालात लवंग धरून बसून राहिल्या.

आणि एक दिवस झेंडू तोडता तोडता पोरगी म्हणाली, मला डेंटलला जायचं नाही. प्रवेश घ्यायला वडलांबरोबर गेली तेव्हा तिथं खुर्च्यांवर ओळीनं आ वासून पडलेली माणसं तिनं पाहिली होती, आणि तिला काहीच वाटलं नव्हतं. भीती नाही, कुतूहल नाही. तिला गणित शिकायचं होतं, इथंच, नाशकात. इथल्या कॉलेजातल्या सरांनी गणपती बसेपर्यंत तिच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. वडलांना विचारलं तर ते म्हणाले, तुझी आई हो म्हणाली तर माझंही हो. धूर्त माणूस.

मी काही हो म्हणेना. तिच्या भविष्यावर लांबलचक भाषण दिलं, पण खरी काळजी वेगळीच होती: बाजारात आता तोंड कसं दाखवू? त्या वर्षी आमच्या वस्तीत मन बदलण्याची साथच आली होती. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंग सोडून फार्मसीला गेला, फार्मसी सोडून आणखी कुठं, आणि त्याच्या आईनं दर वेळी नव्यानं पेढे वाटले. तिला बाजारभर हसणारी मीच. आता पेढे परत मागता येत नाहीत तसे नंबरही परत मागता येईनात.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात तरबेज होते. पण हरतालकेच्या दिवशी, म्हणजे ती जागा जायला एकच दिवस उरलेला असताना, तिनं पलंगाखालची बॅग ओढली आणि परगावी न्यायचे कपडे घड्या घालून भरायला लागली. रडतही नव्हती. आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर स्वेटर घे.

सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी नातीला विचारलं, तुला जायचंय का गं? ती नाही म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, मग पाठवतीस कशापायी? तेव्हा मी सगळं ओकले. गुरुजी, रिक्षावाल्याची बायको, चहातलं आलं. आणि वर, जणू हुकमाचं पान टाकावं तसं, म्हटलं, "आणि आई, तुमच्या दाढेचं काय?"

सासूबाईंनी सुजलेल्या गालावरचा हात खाली घेतला.

"माझ्या दाढेचं मी बघीन. तू आधी पोरीला कालेजात ने आन् तिचं नाव घालून ये. आन् तुला दातांची लयच हौस हाय ना, मग ती बॅग घे आन् तूच जा शिकायला. भाकऱ्या मी थापीन."