वहिनीची न नांगरलेली पट्टी

सावेडीहून दादाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "गेली गं ती," एवढंच म्हणाला. शालिनीवहिनी जाऊन काही आठवडे झाले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. तिचीच सवय अंगात शिरल्यासारखी.

ती नगरची, रसायनशास्त्र शिकलेली. एकाहत्तरच्या आसपास लग्न होऊन आमच्या मिरजगावच्या घरात आली. जेवता जेवता उठून दारातून रानाकडे बघत राहायची. पहिल्याच उन्हाळ्यात मला म्हणाली, "वन्सं, तेलाचे रिकामे डबे आहेत का?" ते डबे तिने रानात पालथे घातले, काही नांगरलेल्या जमिनीत, काही बांधालगतच्या न नांगरलेल्या पट्टीत. प्रत्येकाखाली काचेच्या वाटीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. जमिनीतून निघणारा कर्बवायू त्या पाण्यात शोषला जातो. तो किती, हे ती वाट्या घरी आणून थेंब थेंब आम्ल घालून काढायची. नांगरलेल्या जमिनीतून वायू जास्त निघत होता. "आपण शेणखत घालतो अन् नांगर ते हवेत सोडून देतो," असं बोलताना तिचे डोळे कुठेतरी लांब लागलेले असायचे.

मग दुष्काळ पडला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाड्याचा ट्रॅक्टर आणून सगळं रान खोल नांगरायचं ठरवलं. पाऊस आलाच तर मुरेल, ही आशा. वहिनी पदर सावरत पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"मामा, एवढी सोडा."

"माजा बाप नांगरत हुता, त्याचा बाप नांगरत हुता. समदे खुळेच व्हय?"

"खुळे नव्हते. पण मोजलं कुणी नव्हतं."

ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून दोघांकडे बघत होता. शेवटी आप्पांनी हात झटकला आणि पट्टी राहिली.

गावात कुजबुज सुरू झाली. डब्यांनी जमिनीचा जीव कोंडलाय, पाऊस यायचा कुठून? एके सकाळी सगळे डबे ठेचलेले, वाट्या फुटलेल्या. काचा वेचताना वहिनीची बोटं कापली. आता बास करा, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "उद्या नगरला जाऊन वाट्या आणते." वाट्या आल्या त्या दिवशी आप्पांनी आपली बाज उचलली आणि पट्टीशेजारी नेऊन टाकली. पुढे कुणी डब्यांना हात लावला नाही.

पुढल्या साली पाऊस झाला, ज्वारी पेरली. पट्टीवर तण माजलं आणि कणसं बारीक भरली. बघणारे हसत होते. वहिनी आप्पांसमोर जाऊन म्हणाली, "मामा, पीक कमी आलं ते दिसतंच आहे. औंदा नांगरा हवं तर." आप्पा पट्टीत उकिडवे बसले, तिने पसरलेला कुजका पाला बाजूला सारून त्यांनी हात मातीत खुपसला.

"गार हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे औंदा बी."

आप्पा होते तोवर ती पट्टी तशीच राहिली. पुढे पीक बरोबरीला आलं, पण तिला ते कधी पुरेसं वाटलं नाही. अलीकडे हवामानबदल, हरितगृह वायू, नांगरट कमी करा असं काही छापून आलं की दादा कात्रण तिच्यापुढे ठेवायचा. चष्मा लावून वाचायची आणि विचारायची, "पण यांनी वाफशावर मोजलं की कोरड्यात?" आणि लगेच येरझारा सुरू...

परवा सावेडीला गेले होते. गच्चीतल्या कुंड्यांमध्ये मातीवर वाळक्या पानांचा जाड थर होता, तिनेच घातलेला. शेजारच्या बाई मायेने खुरपं घेऊन आल्या, माती मोकळी करून देते म्हणाल्या. दादा एरवी कुणाला नाही म्हणत नाही.

"हात नका लावू," तो म्हणाला, आणि तांब्यातलं पाणी पानांवरूनच हळूहळू सोडत राहिला.