सगळ्यांचा आवाज बंद

रेवदंड्यापासून बोर्ली पंचतनपर्यंतच्या किनाऱ्यावर जेवढी म्हणून भीती आहे, ती सगळी आमच्या शेजारच्या काकांनी एकट्यानं घरी आणून ठेवली आहे. काका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. गावातल्या सिनेगॉगची चावी त्यांच्याकडे असते. नारळ पडेल म्हणून स्वतःच्या वाडीतसुद्धा ते डोक्यावर घमेलं धरून हिंडतात. बिनखवल्याची मासळी त्यांच्या धर्मात चालत नाही, म्हणून पापलेट घेतानाही कोळणीला विचारतात, "खवला हाय ना ह्याला?" ती म्हणते, "काका, तुमच्या आजानं पन ह्योच खाल्लाय." तरी काका नखानं खरवडून बघणारच. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी औषधी पट्टी चिकटवलीय. कोण बघत असेल, कुणास ठाऊक.

भीती फक्त बाजाची पेटी पुढ्यात आली की पळायची. मराठी कीर्तनात जुन्या पैगंबरांची कथा लावताना काकांचा आवाज असा काही चढे, की हेच ते घमेलंवाले यावर विश्वास बसू नये. तबल्यावर चौलचे तबलजी, काकांचे शाळेपासूनचे मुसलमान दोस्त. पण काकांचा मुलगा इस्राएलमध्ये असतो, आणि तिकडे लढाई पेटल्यापासून ही बैठक मोडली. भांडण झालं नव्हतं. तबलजींच्या घरी तिकडच्या दुसऱ्या बाजूच्या लेकरांसाठी डोळे पुसले जात होते, आणि काका मुलाच्या फोनकडे कान लावून बसलेले. एखादा शब्द वेडावाकडा गेला तर आयुष्यभराचा दोस्त जाईल, या धास्तीनं दोघंही गप्प होते.

अशात मुंबईच्या बेने इस्राएली मंडळींनी आमच्या सिनेगॉगतर्फे एक सिनेमा निवडला. दुभंगलेल्या गावातले दोन वादक नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साथ करतात, अशी काहीतरी गोष्ट. प्रत्येकानं तो घरी बघायचा आणि मग ऑनलाइन चर्चा करायची, विषय अर्थात संगीतानं माणसं जोडली जातात हाच. यजमानपद काकांकडे, आणि पाहुण्यांत तबलजींचं नाव. काकांनी ते ऐकलं आणि जेवण सोडलं.

त्या संध्याकाळी सिनेगॉगच्या बाजूच्या खोलीत लॅपटॉप लावायला मी गेले होते. माउस मात्र काकांच्या मुठीत. सूत्रसंचालक म्हणाले, "आता चौलचे तबलजी बोलतील." पडद्यावर ती ओळखीची पांढरी दाढी आली. "मला येकच इचारायचं हाय," ते म्हणाले, आणि काकांनी सगळ्यांचा आवाज बंद करून टाकला. पडदाभर नुसते ओठ हलू लागले. मी माउस काढून घेईपर्यंत तबलजींची चौकट नाहीशी झाली होती. "गेला," काका म्हणाले. मी आवाज सुरू केला, चर्चा छान रंगली, पण काकांच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. मलाही भीती वाटायला लागली.

चर्चा संपता संपता बाहेर रिक्षा थांबली. काकांना उठवेना, म्हणून दार मी उघडलं. तबलजी उंबऱ्यातच थांबले.

"मला काढलास व्हय?"

"न्हाय रे. तू काय बोलशील, मंग ते काय बोलतील... घाबरलो."

"तुझा पोर बरा हाय का, येवढंच इचारायचं व्हतं. फोनवर इचारायला माझा धीर होईना."

काकांनी खिशातून फोन काढून बघितला. मग म्हणाले, "बरा हाय. भोंगा वाजला का तळघरात जातो. लई घाबरतो."

"तुझ्यावर गेलाय," तबलजी म्हणाले आणि काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

बैठक काही पुन्हा सुरू झालेली नाही. पण मुलाचा फोन लागला नाही की काका आता रिक्षा करून चौलला जातात. तिथं तबलजींच्या ओटीवर दोघं फोन मध्ये ठेवून बसतात, आणि तो वाजेपर्यंत मिळून घाबरतात.